सीमेवरचा कर आणि आपल्या बागेतला भाव

 

आजचा विषय आहे कस्टम ड्यूटी, म्हणजे सीमाशुल्क. एका देशातला माल दुसऱ्या देशात शिरताना त्यावर जो कर लागतो, तो. काही जणी म्हणतील, हे मोठ्या व्यापाऱ्यांचं काम, आपला काय संबंध? पण वरुड, मोर्शी, काटोल, नरखेड या भागात हा विषय थेट आपल्या अंगणात आलेला आहे. बाग मागायला आलेला व्यापारी भाव पाडताना एक वाक्य हमखास बोलतो, "बांगलादेशाने ड्यूटी वाढवली ना ताई!" यावर आपण गप्प बसतो. ड्यूटी कोण भरतं, कशावर भरतं, किती भरतं, हे आपल्याला कोणी सांगितलेलंच नसतं. आज ते समजून घेऊ. जवळ वही-पेन असेल तर घेऊन बसा. गटाचा हिशोब लिहिणाऱ्या बाईला जड जाईल असं यात काही नाही.

आधी हे सांगतो, की याचा बायांशी संबंध कुठे येतो. सातबारा बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या नावावर असतो. पण तोड झाली की फळ निवडायचं, मोठं आणि चुरी वेगळी करायची, डागी फळ बाजूला काढायचं, क्रेट भरायचे, ही कामं बहुतांशी बायाच करतात. आंबिया बहराचा माल दिवाळीच्या आगेमागे निघतो, तेव्हा शेडवर सलग रोजी मिळते. परदेशी जाणारी गाडी थांबली की शेडवरची हाक थांबते, आणि पुढच्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ता मागे राहतो. आम्ही गटांच्या वह्या तपासतो तेव्हा हे दिसतं. ज्या बाईचा हप्ता कधी चुकला नाही, तीसुद्धा त्या महिन्यात खाली मान घालून बसते. म्हणून हा विषय आपला.

आता पहिला प्रश्न. ही ड्यूटी भरतं कोण?

आपला संत्रा बांगलादेशात गेला तर ड्यूटी तिथला माल मागवणारा व्यापारी भरतो, तिथल्या सरकारला. त्याला आयातदार म्हणतात. आपला शेतकरी किंवा इथून माल पाठवणारा निर्यातदार ती भरत नाही. हे आयात शुल्क झालं. निर्यात शुल्क वेगळं. ते माल बाहेर पाठवताना आपल्याच देशाचं सरकार घेतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं होतं, ते तुम्हाला आठवत असेल. संत्र्याची गोष्ट आयात शुल्काची आहे, आणि ते लावणारं सरकार पलीकडचं आहे.

दुसरा प्रश्न. ड्यूटी मोजतात कशी?

सोपं पडावं म्हणून आधी आपल्याच देशाचं उदाहरण घेऊ. शहरातल्या फळांच्या दुकानात स्टिकर लावलेली, एकसारखी, चकचकीत संत्री तुम्ही पाहिली असतील. ती बहुतेक इजिप्त, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांतून येतात. जहाजाने न्हावाशेवा बंदरात उतरतात, तिथून वाशीच्या फळबाजारात आणि पुढे गावोगाव जातात.

बंदरावर पहिली गोष्ट होते, ती म्हणजे फळाचं नाव ठरतं. कस्टमच्या वहीत प्रत्येक मालाला नंबर असतो. पहिले सहा आकडे जवळजवळ सगळ्या जगात सारखे आहेत. लिंबूवर्गीय फळांची सुरुवात ०८०५ ने होते. गंमत अशी, की कस्टमच्या वहीत ऑरेंज म्हणजे आपल्या मोसंबीचं भाऊबंद फळ, घट्ट सालीचं. त्याचा नंबर ०८०५१०. आपला नागपुरी संत्रा, ज्याची साल हाताने सुटते, तो तिथे मँडरिन आहे. त्याचा नंबर ०८०५२१. लिंबाचा ०८०५५०. नंबर बदलला की दर बदलू शकतो. म्हणून परदेशी व्यापाराच्या कागदावर नुसतं "संत्रा" लिहून भागत नाही.

दुसरी गोष्ट, किंमत ठरते. ड्यूटी नुसत्या फळाच्या किमतीवर लागत नाही. फळाची किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा, या तिन्हींची बेरीज करून त्यावर लागते. लिहून घ्या. समजा फळ ७५ रुपयांचं, भाडं २३ रुपये, विमा २ रुपये. झाले १००. बाहेरून येणाऱ्या ऑरेंजवर आपल्याकडे मूळ सीमाशुल्क ३० टक्के आहे, म्हणजे ३० रुपये. त्या ३० रुपयांवर आणखी १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ३ रुपये. ताज्या फळांवर जीएसटी नाही. तर १०० रुपयांच्या मालावर ३३ रुपये कर झाला. ७५ रुपयांचं फळ बंदराबाहेर पडताना १३३ रुपयांना पडलं. त्यापुढे शीतगृह, वाहतूक, अडत आणि दुकानदाराचा नफा. आता कळलं ना, ते स्टिकरवालं फळ एवढं महाग का असतं?

यात कधी कधी सवलतही असते. ऑस्ट्रेलियाशी आपल्या देशाचा व्यापार करार २०२२ च्या डिसेंबरअखेर लागू झाला. त्यात तिथून येणाऱ्या ऑरेंज आणि मँडरिनवर निम्मंच शुल्क ठरलं, पण वर्षाला १३,७०० टनांपर्यंतच. त्यापुढच्या मालाला पूर्ण दर. याला कोटा म्हणतात. आपण रेशनवर ठरलेलं धान्य कमी भावाने घेतो आणि वरचं बाजारभावाने, तसंच समजा.

आता बांगलादेशाकडे येऊ. परदेशात नागपुरी संत्र्याचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक हेच. आपल्याकडचे ट्रक पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोलपर्यंत जातात आणि सीमा ओलांडून पलीकडे बेनापोलला माल उतरतो. तिथे एकच कर नाही, करांची चळत आहे, आणि एका करावर दुसरा कर चढतो. २०२२ च्या मे महिन्यात त्यांच्या सरकारने फळांसकट शंभराहून जास्त वस्तूंवरचं नियामक शुल्क वाढवलं. फळांवर ते ३ टक्के होतं, ते २० टक्के केलं. ऐकायला वाढ १७ टक्क्यांची. प्रत्यक्षात काय झालं ते मांडून बघू.

माल १०० टक्यांचा धरा. टका म्हणजे तिथला रुपया. मूळ सीमाशुल्क २५ टक्के, म्हणजे २५. नियामक शुल्क २० टक्के, म्हणजे २०. बेरीज झाली १४५. आता या १४५ वर २० टक्के पूरक शुल्क, म्हणजे २९. झाले १७४. या १७४ वर १५ टक्के व्हॅट, म्हणजे २६ टका १० पैसे. त्याच १७४ वर ५ टक्के आगाऊ कर, म्हणजे ८ टका ७० पैसे. शिवाय मूळ १०० वर ५ टक्के आगाऊ आयकर, म्हणजे ५. आता नुसत्या करांची बेरीज करा. ११३ टका ८० पैसे! माल १०० चा आणि त्यावर कर ११३ चा. मे २०२२ च्या आधी हीच बेरीज ८९ च्या आसपास यायची. पुढे जानेवारी २०२५ मध्ये पूरक शुल्क ३० टक्के झालं. मधल्या काळात आगाऊ आयकरही १० टक्के झाला होता. तेव्हा ही बेरीज १३६ वर पोचली. नंतर काही महिन्यांनी थोडी सूट दिली गेली.

याला आणखी एक पदर आहे. मालाची किंमत कस्टम डॉलरमध्ये धरतं आणि कर टक्यात वसूल करतं. २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण ८६ टका लागायचे. २०२३ च्या शेवटी ११० लागू लागले. म्हणजे कराचा दर एका पैशाने वाढला नाही, तरी किलोमागचा कर वाढत गेला. दर वाढला, धरलेली किंमत वाढली आणि डॉलरही वाढला. असं तिन्ही बाजूंनी झाल्यामुळे २०१९ मध्ये किलोमागे २० टका असलेलं शुल्क २०२३ मध्ये ८८ टक्यांवर आणि २०२४ मध्ये १०१ टक्यांवर गेलं.

आता तिसरा प्रश्न, आणि हाच मुख्य आहे. ड्यूटी तिथला आयातदार भरतो, तर भाव आपला का पडतो?

यासाठी हिशोब उलटा करावा लागतो. आपण नेहमी बागेपासून सुरू करतो. खत, पाणी, फवारणी, तोड, म्हणजे एवढा भाव मिळालाच पाहिजे. व्यापारी शेवटच्या गिऱ्हाइकापासून सुरू करतो आणि एकेक खर्च वजा करत मागे येतो. शेवटी जे उरेल, तो आपला भाव. पुढचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, सगळे रुपयांत, एका किलोचे.

शुल्क कमी असतानाचा हिशोब. पलीकडच्या ठोक बाजारात किलोला ९० रुपये येतात. ट्रक, क्रेट, हमाली, सड, एजंट मिळून ३५ वजा. दोन्हीकडच्या व्यापाऱ्यांचा नफा १० वजा. शुल्क १५ वजा. उरले ३०. हा बागेतला भाव.

शुल्क वाढल्यानंतरचा हिशोब. शुल्क १५ चं ६६ झालं. पलीकडे भाव ९० च राहिला तर ३५, १० आणि ६६ वजा केल्यावर हाती उणे २१ येतात. म्हणजे धंदाच बंद. म्हणून तिथे भाव चढवावा लागतो. समजा तो १३० झाला. त्यातून ३५, १० आणि ६६ वजा करा. उरले १९.

काय झालं बघा. तिथल्या बाईने किलोला ४० रुपये जास्त मोजले. इथल्या बाईला किलोमागे ११ रुपये कमी मिळाले. चाळीस आणि अकरा मिळून एक्कावन. बरोबर तेवढंच शुल्क वाढलं होतं. म्हणजे चलन आयातदाराने भरलं, पण भार तिथल्या गिऱ्हाइकाने आणि इथल्या शेतकऱ्याने वाटून घेतला. शिवाय १३० रुपये किलोने तिथली बाईसुद्धा दोन किलोच्या जागी पाव किलो घेणार. आजाऱ्यापुरतं, पाहुण्यापुरतं. त्यामुळे गाड्यांची संख्याही घटते.

आणि हा भार वाटताना आपल्याकडे का येतो? संत्रा थांबत नाही. आयातदार म्हणू शकतो, परवडत नाही, यंदा दुसरं फळ मागवतो. आपण झाडाला सांगू शकत नाही की महिनाभर थांब. फळ पिकलं की उतरवावंच लागतं, नाहीतर गळ होते. ज्याला थांबता येत नाही, त्याच्याच अंगावर कर सरकतो.

बांगलादेशाने असं का केलं, हेही बघितलं पाहिजे. त्यांच्याकडे डॉलरची चणचण होती. इंधन, खत, औषधं आणायची तर डॉलर जपून वापरायला हवे. त्यांनी फळं चैनीच्या वस्तूंत धरली. तिथेही डोंगराळ भागात शेतकरी माल्टा आणि संत्रा लावतात, त्यांना बाहेरच्या महाग फळामुळे आधार मिळतो. आपणही परदेशी ऑरेंजवर ३० टक्के शुल्क ठेवतो, त्यामागे आपल्या बागाईतदाराला आधार देण्याचा विचार आहेच. एकीकडे आपण म्हणतो बाहेरचं फळ अडवा, दुसरीकडे म्हणतो आमचं फळ सोडा. दोन्ही मागण्या आपल्याच आहेत. हे लक्षात ठेवलं की पलीकडच्या देशावर नुसता राग काढून काही हाती लागत नाही, हे पटतं. दोन सरकारांनी बसून बोलायची ती गोष्ट आहे, आणि आपल्या लोकप्रतिनिधींकडे तेच मागायचं.

राज्य सरकारने २०२३ च्या अखेरीस संत्रा निर्यातीसाठी शुल्काच्या निम्म्या रकमेएवढं अनुदान जाहीर केलं. असं अनुदान कागदावर निर्यातदार म्हणून ज्याचं नाव असतं, त्याच्याकडे जातं. ते बागेपर्यंत यायचं, तर सौद्याच्या वेळीच त्याची गोष्ट काढावी लागते. सौदा झाल्यावर विचारून उपयोग नाही.

आता काय करायचं, ते सांगतो. आमच्या एका गटातल्या ताईच्या बागेचा सौदा ठरला होता, इसारही घेतला होता. तोडीच्या आठवड्यात व्यापारी म्हणाला, ड्यूटी वाढली, टनामागे चार हजार कमी देतो. ताईने गटात सांगितलं. आम्ही तिच्यासोबत चार-पाच जणी गेलो आणि दोनच गोष्टी विचारल्या. ड्यूटी कोणत्या तारखेला वाढली? आणि ही गाडी जाणार कुठे? तारीख त्याला सांगता येईना. गाडीची बिल्टी पाहिली तर माल दिल्लीला जाणार होता. दिल्लीच्या मालाला बांगलादेशाची ड्यूटी कशी लागेल?

मात्र तो पूर्ण खोटं बोलत होता, असंही नाही. परदेशच्या गाड्या कमी झाल्या की तोच माल दिल्ली, कोलकाता, हैदराबादच्या बाजारात येतो आणि तिथे भाव उतरतो. पण तो उतार किती, हे त्या दिवशीच्या दिल्लीच्या भावावरून ठरवायचं. ड्यूटीचा आकडा तोंडावर फेकून ठरवायचं नाही. ताईने मोबाईलवर दिल्लीचा त्या आठवड्याचा भाव काढून दाखवला. बोलणं झालं आणि कपात चार हजारांवरून दीड हजारांवर आली. त्या ताईच्या मुलीची कॉलेजची फी त्याच पैशातून गेली.

म्हणून हे पाच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पहिला, माल जाणार कुठे? देशात की बाहेर?

दुसरा, ड्यूटी वाढली तर कोणत्या तारखेपासून, आणि किलोमागे किती? जुना मेसेज पुन्हा फिरवून भाव पाडण्याचे प्रकार होतात.

तिसरा, आकडा टक्यात सांगता की रुपयात? २०२३ च्या शेवटी एक टका म्हणजे साधारण पाऊण रुपया होता. ८८ टका म्हणजे ८८ रुपये नव्हेत, ६६ च्या आसपास. हा फरक किलोमागे २२ रुपयांचा आहे.

चौथा, वाढ सौद्याच्या आधीची आहे की नंतरची? आधीची असेल तर ती ठरलेल्या भावात धरलेलीच होती. नंतर वाढली तर काय करायचं, हे सौदापावतीवर आधीच लिहून घ्या. तोंडी सौदा करू नका.

पाचवा, सरकारचं अनुदान मिळालं तर त्यातलं बागेला किती?

काही गट विचारतात, आपणच माल बाहेर पाठवला तर? विचार चांगला आहे, पण घाई नको. त्यासाठी गटाची किंवा गटांनी मिळून काढलेली शेतकरी उत्पादक कंपनी लागते. कंपनीच्या नावाने आयात-निर्यात क्रमांक घ्यावा लागतो. फळावर कीड-रोग नाही असा सरकारी दाखला लागतो, त्याला फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र म्हणतात. पलीकडचा आयातदार खात्रीचा लागतो आणि पैसे बँकेमार्फत येतील असा लेखी व्यवहार लागतो. आणि लक्षात घ्या, साधारण नियम असा, की माल सीमेवर पोचून कागद दाखल होतात त्या दिवसाचा दर लागतो. बागेतून गाडी निघताना एक दर आणि पोचताना दुसरा, असंही होऊ शकतं. वर नाशवंत माल, सीमेवर रांग लागली तर नुकसान आपलं. म्हणून पहिल्या वर्षी प्रतवारी आणि पॅकिंग आपल्या हातात घ्यावं, माल देशातल्या मोठ्या बाजारात थेट पाठवून बघावा, आणि मग सीमेपलीकडचा विचार करावा. "परदेशात पाठवून देतो, आधी पैसे भरा" असं म्हणणाऱ्याला गटाचा एक रुपयाही देऊ नका.

या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. बचत-कर्जाचा विषय संपला की अर्धा तास काढा. आपल्या गावातली एक बाग धरा आणि मघाचा उलटा हिशोब खऱ्या आकड्यांनी मांडा. ट्रकचं भाडं ड्रायव्हर सांगेल, क्रेटचा खर्च शेडवरची बाई सांगेल, दिल्ली-कोलकात्याचा भाव मोबाईल असलेली मुलगी काढेल. मांडलेला हिशोब ग्रामसंघात वाचून दाखवा, आणि सौद्याला बसताना ते पान घेऊन बसा. सातबारावर नाव कोणाचंही असो, वही आपल्या हातात आहे.

बैठकीत काही अडलं तर आपल्या प्रभागाच्या समन्वयक ताईला गाठा.